लाल रेषेला टेकलेले

एक्केचाळिसाव्या काचेवर मोजणीदाराने लाल रेषेला टेकलेली एक पेशी मोजली. सकाळचे सव्वाअकरा झाले होते, तळघरातल्या त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि उजव्या मुठीतल्या मोजयंत्राने जो टक् आवाज केला तो रोजच्यापेक्षा तसूभरही वेगळा नव्हता. जगाच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. पण ज्या माणसाने सव्वीस वर्षांत लाल रेषेला टेकलेलं काही म्हणून मोजलं नाही, त्याचा अंगठा आपणहून खाली गेला होता. पाहुण्याला चावलेल्या घरच्या कुत्र्याकडे बघावं तसा मोजणीदार त्या अंगठ्याकडे बघत राहिला. रागवावं की विचारपूस करावी, कळेना. मग त्याने पुढची चौकट घेतली. तिच्यात लाल रेषेला टेकलेल्या दोन होत्या. त्याही त्याने मोजल्या, आणि या वेळी अंगठ्यावर ढकलायची सोय नव्हती.

काम सांगायला सोपं होतं. मेलेल्या उंदरांच्या, आणि आता मेलेल्या माणसांच्या, मेंदूचे केसाहून बारीक काप काचेवर चिकटून खाली यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली गेले की पडद्यावर मोठे होऊन दिसायचे, आणि त्यांच्यात पहारेकरी किती आणि कुठल्या अवस्थेत हे मोजायचं. अंगाला रोगराईशी झुंजायला जशी फौज असते, तशी मेंदूला स्वतःची एक वेगळी, घरगुती फौज असते. शास्त्रात त्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. तळघरात एवढं लांब नाव घ्यायला कोणाला वेळ नसल्याने त्यांना झाडं आणि गोळे म्हणत. पहारेकरी निवांत असला की नाजूक फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत बसतो, केरकचरा उचलतो, निकामी जोडण्या छाटतो, एकंदरीत चांगल्या शेजाऱ्यासारखा वागतो. ते झाड. आत काही परकं शिरलं की तो फांद्या आखडून घेतो, फुगतो, गोल होतो, आणि अशी रसायनं सोडायला लागतो की सगळी गल्ली तापते. तो गोळा. डाव्या मुठीत झाडं मोजायची, उजव्या मुठीत गोळे. सव्वीस वर्षांत मोजणीदाराचा उजवा अंगठा डाव्यापेक्षा रुंद झाला होता, कारण या खोलीत येणारी डोकी निवांत जिवांची क्वचितच असायची. मॅडमचं, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं म्हणणं असं, की नशेचं औषध या पहारेकऱ्यांना चोर वाटतं. ते उठतात. रोज उठवलं की झोपायची सवयच मोडते. मग औषध बंद झालं तरी ते महिनोन्‌महिने फुगून बसतात, आणि व्यसनी माणसाला जी ओढ लागते तिच्यात काही वाटा त्यांच्या या जागरणाचा असतो. किती वाटा, ते मोजायचं. अठरा वर्षं हे उंदरांत मोजून झालं होतं. आता माणसांची पाळी होती.

मोजण्याचा नियम एकच, पण कडक. पडद्यावर चौकट येते. तिची डावी आणि खालची बाजू लाल, वरची आणि उजवी हिरवी. पूर्ण आत आहे ती पेशी मोजायची. हिरव्या रेषेला टेकली असेल तीही मोजायची. लाल रेषेला टेकली असेल ती सोडायची, मग ती कितीही आत का असेना. नव्याने लागला तेव्हा त्याने जुन्या मोजणीदाराला विचारलं होतं, "मग त्यांचं काय?" जुना मोजणीदार निवृत्तीला आला होता, त्याला कशाचं काही वाटत नसे. "त्यांचं काय म्हणजे? तुझी लाल रेघ ती शेजारच्या चौकटीची हिरवी. इथे सुटला तो शेजारी मोजला जातो. कोणी उपाशी राहत नाही." हे उत्तर त्याला फार आवडलं होतं. दोन महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की चौकटी एकमेकींना लागून कधी नसतातच, बरंच अंतर सोडून टाकतात. शेजारी कोणी राहतच नाही. हिशोब तरीही बरोबर येतो, कारण शास्त्राला नमुना हवा असतो, एकेक जण नव्हे. पण तोवर त्याला नोकरीत कायम केलं होतं, आणि कायम झालेल्या माणसाने शंका काढू नयेत एवढं त्याला कळत होतं.

दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता. काच अर्धी सोडून उठायचं नाही. उठलं, की डोळा तुटतो, कुठल्या चौकटीपर्यंत आलो ते डोक्यातून निसटतं, आणि दोन्ही यंत्रं शून्यावर आणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका काचेला पाऊण तास. तेवढ्यात फोन आला, कोणी हाक मारली, लघवी लागली, तरी मोजणीदार ओ देत नसे. घरीसुद्धा ही सवय गेली होती. बायको म्हणायची, "यांना हाक मारायची तर अर्ज करावा लागतो, आणि उत्तर पाऊण तासाने." तळघराच्या भिंतीत अगदी वर, छताला लागून, एक लांबट खिडकी होती. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त बूट दिसायचे. सव्वीस वर्षं मोजणीदाराने शहर घोट्यापर्यंत पाहिलं होतं.

संच चाळीस काचांचा ठरला होता. वरच्या मजल्यावर काप काढणारी बाई, जिला सगळे कापवाली म्हणत, स्वतः ट्रे घेऊन खाली आली होती. "घ्या मोजणीदार, चाळीस डोकी," ती म्हणाली होती, "आणि एकातही तुमच्याविषयी वाईट विचार नाही. अशी संगत पुन्हा मिळायची नाही." काचांवर नुसते आकडे होते. कोण व्यसनी, कोण नाही, कोण कशाने गेलं, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं, कारण मोजणाऱ्याला मत असलं की मोजणीला पाय फुटतात. चाळीस काचा त्याने पाच आठवड्यांत संपवल्या. आणि काल ती पुन्हा खाली आली, एकच काच घेऊन. एक्केचाळीस. "ही राहिली होती," एवढंच म्हणाली, विनोद केला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि ज्या बाईला जिना चढताना तीनदा थांबायची सवय होती ती न थांबता वर गेली. मोजणीदार त्या काचेकडे बघत बसला. मेंदू औषधात मुरायला, ठोकळा व्हायला, काप निघायला सहा-सात महिने लागतात. धाकट्या भावाला जाऊन सात महिने झाले होते.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोजणीदार जन्मभर तळघरात आणि धाकटा जन्मभर वरखाली. दोघांचं मिळून एका माणसाचं आयुष्य झालं असतं, असं त्यांची आई म्हणायची. दुसऱ्या मजल्यावरून तो लिफ्टच्या विहिरीत पडला, पाठीचा मणका दुखावला, आणि इस्पितळाने त्याला गोळ्या दिल्या. आधी दुखण्यासाठी गोळ्या होत्या, पुढे गोळ्यांसाठी दुखणं राहिलं. मग सुई. मग चार वर्षं अशी, की ज्यांच्याविषयी घरात कोणी बोलत नसे आणि ज्यांच्यात मोजणीदार उंदीर मोजत होता. मग एक दिवस धाकटा सुधारगृहातून पिशवी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "दादा, शंभर दिवस तुझ्याकडे राहू दे. शंभर झाले की पक्कं होतं म्हणतात." बायकोने बाहेरच्या खोलीत गादी घातली. तो रोज सकाळी कॅलेंडरवर बारीक रेघ मारायचा, भांडी घासायचा, घरातल्या करकरणाऱ्या सगळ्या दारांना तेल घालायचा. तेल संपलं तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, आता एकही दार वाजत नाही. चोर आला तर कळायचंही नाही." त्यावर तो इतका हसला होता की मोजणीदाराला आतल्या खोलीत बरं वाटलं होतं आणि लगेच थोडी भीतीही वाटली होती, कारण इतकं हसणारी माणसं त्याने फारशी पाहिली नव्हती.

एकसष्टाव्या दिवशी मोजणीदार त्याला कामावर घेऊन गेला होता. घरात बसून त्याचे हात थरथरायचे म्हणून. कापवालीने चहा दिला, मॅडम दोन मिनिटं येऊन बोलून गेल्या, आणि मग धाकट्याने पडद्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"पहारेकरी."

"एवढे का सुजलेत?"

"जागरणाने."

"कोणाच्या डोक्यातले?"

"उंदराच्या. तीन महिने औषध दिलं, मग बंद केलं. बंद करून चार महिने झाले होते तेव्हाचं हे."

धाकटा पडद्याच्या अगदी जवळ गेला. त्याच्या श्वासाने काचेवर धुकं आलं. "चार महिन्यांनीपण?" तो म्हणाला. "दादा, म्हणजे माझ्याही डोक्यात असेच असतील?"

आणि मोजणीदार म्हणाला होता, "तू काय उंदीर आहेस?"

विनोद चांगला झाला होता. कापवाली हसली, धाकटाही हसला. मोजणीदाराला विनोद क्वचित सुचायचे, त्यामुळे तो दिवसभर खुशीत होता. जाताना धाकट्याने टेबलावरच्या गठ्ठ्यातला एक अर्ज उचलला, मेल्यावर मेंदू देण्याचा, आणि तिथेच उभ्याने भरला. कापवाली म्हणाली, "अहो, घाई काय आहे, अजून वापरात आहे ना तो?" "आहे," तो म्हणाला, "पण तुमच्याकडे आला तर निदान कोणी बघेल त्यात." अर्जाच्या शेवटी 'इतर सूचना' असा रकाना असतो. तो आजवर कोणी भरला नव्हता. धाकट्याने लिफ्टच्या पाट्या लिहायच्या अक्षरात लिहिलं: दादा मोजणार असेल तर बरं. तो नीट मोजतो.

तर ही एक्केचाळिसावी काच. मोजणीदार पुढच्या चौकटीवर गेला. लाल रेषेवर एक गोळा होता, अंगाने जवळजवळ सगळा आत, फक्त एक कड बाहेर. टक्. त्याला काय हवं होतं हे त्याला नेमकं माहीत होतं, आणि ते माहीत असणं हीच शरमेची गोष्ट होती. त्याला गोळे हवे होते. झाडांना तो नियम लावत होता, काटेकोर. गोळा आला की नियम मागे सरत होता. या काचेवर गोळे इतके निघायला हवे होते की कोणीही, सुधारगृहातला, इस्पितळातला, इमारतीतला, आणि मुख्य म्हणजे मोजणीदार स्वतः, आकडा पाहून म्हणेल: खरं बोलत होता बिचारा. कारण धाकटा खरं बोलला होता की नाही, एवढाच प्रश्न सात महिने घरात उरला होता.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मोजणीदाराने बायकोच्या गोळ्यांची पट्टी मोजली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला त्या दिल्या होत्या, दुखणं मारायच्या, जहाल. दहाची पट्टी, रोज एक, तीन दिवस झालेले. सात हव्या होत्या. तीन होत्या. त्याने पुन्हा मोजल्या, पुन्हा तीनच. मोजणीत चूक नव्हती, त्याच्या मोजणीत चूक कधी नसायची. धाकटा बाहेरच्या दाराच्या बिजागरीशी उगाच काहीतरी करत होता. मोजणीदाराने पट्टी पुढे धरली. "तू घेतल्यास?"

"हो," धाकटा म्हणाला.

खोट्यासाठी मोजणीदाराने पाच वाक्यं तयार ठेवली होती. खऱ्यासाठी एकही नव्हतं. धाकटाच बोलला, हळू, दरवाज्याकडे बघत. "दादा, अंग सुटलंय. डोकं सुटत नाही. आत कोणीतरी सारखं जागं आहे. दिवा घालवतच नाही. मी दमलो की तो म्हणतो, ऊठ. मला त्या दिवशी दाखवलेस ना तू, तसं." आणि मोजणीदार, ज्याने अठरा वर्षांत चार लाखांवर सुजलेले पहारेकरी मोजले होते, ज्याच्या अंगठ्याला हे पाठ होतं की औषध थांबल्यावर चार महिन्यांनीही ते झोपत नाहीत, तो म्हणाला, "मनावर घेतलं की सगळं होतं." उंदरांना त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. उंदरांशी तो शास्त्राने वागायचा. भावाशी मोठ्या भावासारखा वागला. "आधी स्वतःला सुधार," तो म्हणाला, "मग ये." धाकट्याने पिशवी भरली. दारात तो थांबला, एक पाय बाहेर आणि एक अजून आत, हात चौकटीला टेकलेला. मागे वळून बघेल असं वाटलं, पण तो फक्त बिजागरी वाजते का ते ऐकत होता. वाजली नाही. दार लागलेलं कोणाला ऐकूही आलं नाही. बायको आतून काठी टेकत बाहेर आली, रिकामी गादी पाहिली, त्याच्या हातातली पट्टी पाहिली, आणि म्हणाली, "मोजल्यात कशाला तुम्ही?"

त्यानंतर तिने हा प्रश्न पुन्हा विचारला नाही. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या बाईला एकच प्रश्न दोनदा विचारावा लागत नाही.

तो गेल्यावर नवव्या दिवशी दुपारी तळघराच्या खिडकीत बूट थांबले होते. मोजणीदार एका काचेच्या मध्यावर होता. डोळा चौकटीत, दोन्ही अंगठे चालू. नजरेच्या कडेला वर काहीतरी हललं आणि थांबलं. जाड तळव्याचे, काळ्या वंगणाचे डाग पडलेले बूट, डाव्या बुटाला नाडीऐवजी तांब्याची तार. अशी तार बांधणारा शहरात एकच माणूस होता. बूट थांबले, एकमेकांवर घासले, थोडे मागे झाले, पुन्हा पुढे आले. मोजणीदाराने त्यांना पाहिलं. त्याने पाहिलं नाही असं तो पुढे कोणालाच, स्वतःलाही, सांगू शकला नाही. त्याच्या मनात अगदी सरळ, स्वच्छ विचार आला: यायचं असेल तर येईल खाली, काच वीस मिनिटांत संपते. काच वीस मिनिटांत संपली. झाडं एक्काहत्तर, गोळे अठ्ठ्याण्णव, वहीत नोंद केली, सही केली, आणि मग जिना चढून वर गेला. रस्त्यावर बरेच बूट होते, वर माणसं होती. दोन दिवसांनी, धाकटा जिथे राहत होता तिथल्या घरमालकाचा फोन आला. जुन्या सवयीचा जुनाच डोस घेतला होता. शंभर दिवसांत अंग डोस विसरलं होतं. डोकं विसरलं नव्हतं. डॉक्टरांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मोजणीदाराने "हो, बरोबर" म्हटलं, जसं मॅडमने आकडे वाचून दाखवले की तो म्हणायचा.

एक्केचाळिसावी काच संपली तेव्हा बारा वाजले होते. झाडं पासष्ट, गोळे एकशे एकतीस. मोजणीदाराने आकडा वहीत लिहिला आणि सही केली. सही जरा वाकडी आली. एकशे एकतीस म्हणजे बरेच. त्याला वाटलं होतं की आकडा बघून छातीतलं काहीतरी खाली बसेल. बसलं नाही. त्याने डबा उघडला, पाव खाल्ला, डबा पुसून ठेवला. खिडकीत एका बाईच्या टाचा आल्या आणि गेल्या.

दोन दिवसांनी मॅडमने बोलावलं. मॅडम त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण सव्वीस वर्षांत त्याने इतके प्रमुख पाहिले होते की वय वगैरे तो मोजत नसे. टेबलावर त्याचीच वही उघडी होती, शेजारी आकडेतज्ज्ञाचा कागद.

"काका, बसा," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं तर त्याचा उपयोगच नसतो. नवीन आकडेतज्ज्ञ आहेत ना, त्यांचा आग्रह. एक्केचाळीस नंबर वेगळी काच नव्हती. सात नंबरचीच काच, फक्त आकडा बदलून पुन्हा पाठवली. मोजणी एकसारखी येते का ते बघायला."

कापवाली का बोलली नव्हती, आणि जिन्यात का थांबली नव्हती, ते त्याला कळलं. बिचारीला गुपित ठेवायला सांगितलं होतं. तिच्यासारख्या बाईला ते ओझं झालं असणार.

"सातला तुमची झाडं चौसष्ट होती, आता पासष्ट," मॅडम म्हणाल्या. "एकाचा फरक. तो तुम्ही यंत्र नाही याचा पुरावा. पण गोळे तेव्हा एकशे बारा, आणि आता एकशे एकतीस. काका, एकोणीस? तुमच्याकडून?"

"लाल रेषेवरचे मोजले," मोजणीदार म्हणाला.

"चुकून?"

"पहिला चुकून. अठरा मुद्दाम."

मॅडमने पेन खाली ठेवलं. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी काचेच्या बरण्यांची ढकलगाडी नेत होतं. मग मोजणीदाराने सांगितलं की त्याला तो धाकटा वाटला. एवढंच सांगायचं होतं, पण वाक्य संपलं नाही, पुढे पुढे गेलं. गोळ्यांच्या पट्टीपर्यंत गेलं, दारापर्यंत गेलं, खिडकीतल्या तांब्याच्या तारेपर्यंत गेलं, जी त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. सांगताना तो मॅडमकडे नव्हे, वहीतल्या सहीकडे बघत होता.

"तुमचे भाऊ या संचात नाहीत, काका," मॅडम शेवटी म्हणाल्या. "असूच शकत नाहीत. नातेवाइकाने नातेवाइकाचं मोजायचं नाही, नियमच आहे. त्यांनी अर्जावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. पण नाही देता येत. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेबरोबर आपण हे काम वाटून घेतलंय, त्यांच्याकडे पाठवलं."

"शेजारी," मोजणीदार म्हणाला.

"काय?"

"काही नाही. कोण मोजतं तिथे?"

"एक बाई आहेत. मी पाहिलं नाही त्यांना. तुमच्यासारख्याच म्हणतात. काच संपेपर्यंत कोणी हाक मारली तरी ओ देत नाहीत." मॅडमने हे कौतुकाने सांगितलं आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्या खिडकीकडे बघू लागल्या. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून माणसांची डोकी दिसायची.

"मला कळेल?" त्याने विचारलं. "त्याचे किती निघाले ते?"

"एकेकाचं कोणालाच कळत नाही, काका. मलाही नाही. दोन वर्षांनी सगळ्यांचे आकडे एकत्र होतील, मग गटाची सरासरी येईल."

"सरासरीत असेल ना तो?"

"असेल. ऐंशीतला एक."

मोजणीदाराने मान डोलावली. धाकटा जन्मात कधी सरासरीत बसला नव्हता. शाळेत नाही, नोकरीत नाही, हसण्यात तर नाहीच. "आणि सरासरी जास्त आली," तो म्हणाला, "तर ऐंशी जण खरं बोलत होते असं धरायचं?"

"काका," त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं तुम्ही हे मोजताय. तुम्हाला हे काचेवरून कळायला हवं होतं का?"

त्यात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं. टोचणीला उत्तर देता येतं. मोजणीदार उठला. सात नंबर पुन्हा मोजायची की दुसऱ्या कोणाला द्यायची, असं मॅडमने विचारलं, आणि तो म्हणाला, "मोजतो. माझीच चूक आहे." दारातून त्याने मागे वळून विचारलं, "हा सात नंबर कोण आहे?"

"मला माहीत नाही."

"याचंही कोणी असेल."

"असेलच," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सात नंबरची काच पडद्यावर घेतली. पहिल्या वेळी, पाच आठवड्यांपूर्वी, ती मोजताना आपण कसला विचार करत होतो ते त्याने आठवून पाहिलं. घराच्या नळाचा वायसर, बहुतेक. एकशे बारा गोळे मोजले होते आणि एकाकडेही पाहिलं नव्हतं. आता तो पाहत होता. पहिली चौकट: दोन झाडं, तीन गोळे, लाल रेषेवर एक गोळा. तो त्याने सोडला. अंगठा उचललेला होता, पण खाली गेला नाही. दुसऱ्या शहरात, कदाचित याच वेळी, कुठल्यातरी नेटक्या बाईच्या पडद्यावर धाकट्याचा एक पहारेकरी लाल रेषेला टेकला असेल, आणि ती त्याला सोडत असेल. तिने सोडायलाच हवं होतं. तिने मोजला तर तो नीट मोजला असं होणार नाही. हे सगळं मोजणीदाराला पटत होतं. त्याने आयुष्यभर हेच काम केलं होतं. तरी प्रत्येक वेळी सोडण्याआधी तो त्या पेशीवर क्षणभर थांबत होता, पाहिलंय एवढं तिला कळावं म्हणून. पेशीला काही कळत नाही, हेही त्याला माहीत होतं. काम हळू चाललं होतं.

काच अर्ध्यावर आली होती. झाडं एकतीस, गोळे अठ्ठावन्न. तेव्हा नजरेच्या कडेला, वर, खिडकीत बूट थांबले.

साधे तपकिरी बूट होते. नाड्या होत्या. एका बाजूला झिजलेली टाच. ते थांबले, थोडे मागे झाले, पुन्हा पुढे आले. अजून तेहतीस चौकटी राहिल्या होत्या, वीस-बावीस मिनिटांचं काम. डोळा चौकटीत होता, अंगठे यंत्रांवर होते.

मोजणीदाराने दोन्ही यंत्रं टेबलावर ठेवली आणि तो उठला. जिन्याच्या पायऱ्या सतरा होत्या. गुडघे दुखले, दम लागला, दाराची कडी अडकली, आणि बाहेर आल्यावर उजेडाने डोळ्यांना पाणी आलं. बूट अजून तिथेच होते. वर एक म्हातारा गृहस्थ होता, हातात चिठ्ठी, चेहऱ्यावर चुकल्याची लाज.

"इथे मणक्याचा दवाखाना कुठे आहे हो?" त्याने विचारलं. "दोनदा फिरून आलो. कोणाला विचारायचं कळेना."

"मला विचारायचं," मोजणीदार म्हणाला. "समोर नाही, मागच्या बाजूने जा. दुसरा मजला." मग म्हणाला, "चला, मी येतो. लिफ्ट कधी कधी मध्येच थांबते."

तो परत आला तेव्हा कापवाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दम खात उभी होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खालच्या खोलीतल्या चालू पडद्याकडे, मग टेबलावर पडलेल्या दोन यंत्रांकडे. सव्वीस वर्षांत असं दृश्य तिने पाहिलं नव्हतं.

"मोजणीदार, काच अर्धी टाकून उठलात?"

"हो."

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही. एक गृहस्थ होते, रस्ता चुकलेले."

"मग आता?"

मोजणीदार खुर्चीत बसला. त्याने एकेक यंत्र हातात घेऊन बाजूची कळ फिरवली. अठ्ठावन्न गेले, एकतीस गेली, दोन्हीकडे शून्यं आली.

"आता पहिल्यापासून," तो म्हणाला.